अंगाला लागत न्हाई

पौर्णिमानं मासा खायचं सोडलं तवा मला लई अभिमान वाटलता. हसा आता. हसण्यासारखीच गोष्ट हाय.

आषाढातल्या पुनवेला आमचा वर्षावास सुरू होतो. तीन महिने विहारात धम्माचं वाचन चालतं, आमी बाया पांढरी लुगडी नेसून सांजच्याला जमतो, अन् ज्याला जमंल ते तेवढे दिवस मटण-मासं बंद ठेवतंय. आमच्या घरी ते कधी जमलं न्हाई. आमचं पोटच तलावावर. घरात दुसरं काय नसलं तरी मासा असायचाच, मग तो सोडून खायचं काय, दगडं? पण त्या साली पौर्णिमा बीडहून आली, मी गरम कालवणाचं ताट पुढं सारलं, अन् ती म्हणली, "मावशी, मला नको. मी औंदा वर्षावास धरलाय."

मी ताट मागं घेतलं. तिच्यासाठी बटाटा चिरला, वरून शेंगदाण्याचं कूट घातलं अन् ती जेवंपस्तोर समोर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी चार घरी सांगून आले की बघा, आमची पोरगी एवढी शिकली पण धम्म विसरली न्हाई. आश्विनी पुनव झाली, वर्षावास संपला, तरी पोरगी माशाला शिवंना. "आता कायमचंच सुटलंय गं," म्हणली. मी म्हणलं, ही तर आमच्या सगळ्यांच्या पुढं गेली. तवापासून ती यायची असली की मी आदल्या दिवशीच बटाटे आणून ठेवायचे.

पौर्णिमा माझ्या धाकट्या बहिणीची लेक. बहीण काविळीनं गेली तवा ही एवढीशी व्हती, वेणी बी घालता येत नव्हती. बापानं दुसरं लगीन केलं अन् मी तिला कडेवर घेऊन आले. माझा सौरभ अन् ती एका ताटात जेवून वाढली. माझा मालक बन्सी तवा जिता व्हता. तो म्हणायचा, पोराला जाळं शिकवू अन् पोरीला शाळा, कारण पोराला शाळा कळत न्हाई. खरंच व्हतं ते. सौरभ दहावीला आपटला, अन् पौर्णिमा माझ्या माशाच्या पाटीवर बीडच्या कॉलेजात गेली.

आमचा तलाव लिंबागणेशकडच्या डोंगराच्या अंगाला. खापरटेकडीचा तलाव म्हणत्यात त्याला. वस्तीतली बरीच घरं मच्छीमार सोसायटीत हायेत. पोरं थर्माकोलचे चप्पू, म्हंजे तराफे, घेऊन पाण्यात उतरत्यात, अन् आमी बाया पाट्या घेऊन नेकनूरचा बाजार, लिंबागणेशचा बाजार असं फिरतो. रोहू, कटला, मरळ. मरळीला तर गिऱ्हाईक वाट बघत बसायचं. बाळंतिणीला अन् दुखण्यातून उठलेल्या माणसाला मरळीचं कालवण द्यायचं, ही जुनी रीत. माझ्या पाटीतली मरळ खाऊन कितीक बाळंतिणी उठून कामाला लागल्या, हे मी छाती ठोकून सांगायचे.

मधल्या काही सालांत मासा बिघडला. डोकं मोठं अन् अंग चिपाड. जाळ्यात लागायचा, पण हातात घेतला की हलका. आमी म्हणलं बीजच खराब. बजरंग म्हणून एक माणूस आमाला माशाची पिल्लं आणून द्यायचा, तलावात सोडायला. त्याच्याशी मी भर चौकात भांडले. म्हणलं, "बजरंगा, मासे विकतोस का दुष्काळातले पाव्हणे विकतोस?" तो बिचारा आईची शप्पथ घेऊन सांगायचा की हेच बीज दुसऱ्या तलावात चांगलं पोसतंय. आमी त्याचं ऐकलं न्हाई, बीजवाला बदलला. मग भाताचा कोंडा टाकून बघितला, शेंगदाण्याची पेंड टाकली. मासा पेंडीवर तुटून पडायचा. खायचा, लई खायचा, पण अंगाला लागायचं न्हाई.

पौर्णिमा तवा पीएचडीसाठी विषय हुडकत व्हती. मी तिला हे गाऱ्हाणं सांगितलं तर म्हणली, "मग मी आपल्याच तलावाच्या माशावर करते." मला आभाळ ठेंगणं झालं. ती बर्फाची पेटी घेऊन यायची, सौरभ तिला चप्पूवर बसवून पाण्यात न्यायचा, अन् मी तिच्यासाठी जित्ते मासे निवडून ठेवायचे. माशाचं काळीज, कल्ले, मांस वेगवेगळ्या डब्यांत भरून ती बीडला न्यायची. तिच्या हाताला माशाचा वास आला की मला बरं वाटायचं. कितीबी शिकली तरी आमचीच हाय, असं वाटायचं.

"काय निघालं गं?" मी विचारायचे.

"अजून चाललंय मावशी. ह्याला येळ लागतो."

मी म्हणायचे, लागू दे. भाकर बी थापल्याबरोबर भाजत न्हाई.

तलावाच्या वरल्या अंगाला, ओढ्याच्या काठी गहिनीनाथरावांची भट्टी हाय. जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या फोडून तिथं शिसं गाळत्यात. गहिनीनाथराव म्हंजे इकडचे बागायतदार, पुढारी. पौर्णिमा ज्या कॉलेजात तासावर शिकवायची ते बी त्यांच्याच संस्थेचं. पावसाळ्यात भट्टीवरचं काळं पाणी ओढ्यानं तलावात उतरायचं. आमी आंधळे नव्हतो, दिसायचं. पण ओढा वाहता हाय, पाणी खाली येता येता निवळतं, अशी आमची समजूत. अन् त्या पाण्यात काही वंगाळ असतं तर आमच्या घरात माशाची पीएचडी करणारी पोरगी व्हती की. तिनं सांगितलं नसतं का? ह्या भरवशावर आमी राहिलो.

सौरभचं लगीन झालं. सून वनिता, गेवराईकडची, बोलायला कमी अन् कामाला वाघ. तिला दिवस गेले तवा मी मरळीचा रतीबच लावला. एक दिवस पौर्णिमा आली. वनिता जेवत व्हती, अन् ही तिच्या ताटाकडं बघत बसली. मग मला चुलीपाशी येऊन हळूच म्हणली, "मावशी, वनिताला मासा देत जाऊ नको. अशा दिवसांत गरम पडतो."

मला असं हसू आलं. म्हणलं, "अगं, पीएचडी करायलीस अन् गरम-थंड काय सांगतीस? बाबासाहेबांनी आपल्याला ह्यातनं काढलं, माझ्या सासूनं देव्हारा नदीत सोडला, अन् तू शिकून सवरून पपई गरम, मासा गरम करायलीस? उद्या म्हणशील ग्रहणात भाजी चिरू नको." वनिता हसली, सौरभ हसला. पौर्णिमा बी कसनुसं हसली. पुढच्या खेपेला तिनं वनितासाठी अंडी, सफरचंदं अन् दुधाच्या पावडरीचा डबा आणला. मी म्हणलं, किती जीव हाय पोरीचा भावजयीवर.

पवन झाला तो बारीकच. होईल म्हणलं. पण वरीस उलटलं तरी लेकरू अंग धरंना. रंग पिवळा फटक. पोट धरून रडायचं, वाकडंतिकडं व्हायचं. त्याच्या बरोबरीची लेकरं अंगणात पळायची अन् हे भिंतीला पाठ लावून बसायचं. दवाखान्यात म्हणले रक्त कमी हाय, खुराक वाढवा. खुराक म्हंजे माझ्या लेखी काय? मी मरळ उकडून, मऊ भातात कुस्करून माझ्या हातानं त्याला भरवायचे. पौर्णिमा एकदा म्हणली, "लेकराला नको, घशात काटा अडकंल." मी म्हणलं, "चाळीस वर्सं मासा निवडायले मी, माझ्या हातनं काटा सुटतो व्हय?" अन् तिच्या डोळ्यांदेखत घास दिला. ती उठून बाहेर गेली. फोन आला असंल असं मला वाटलं.

अन् मग तिची पीएचडी झाली. आमच्या वस्तीतली पहिली डॉक्टर. विहारात सत्कार ठरला. पताका लावल्या, मांडव घातला. तिचे मार्गदर्शक सर पुण्याहून आलते, भला माणूस. भाषणाच्या आधी त्यांनी मलाच वर बोलावलं, शाल घातली अन् म्हणले, "ह्या मुक्ताबाईंच्या पाटीतल्या माशांवर हे संशोधन उभं आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघितलं तर पुढच्याच रांगेत वनिता पवनला मांडीवर घेऊन बसलेली, डोळे पुसायली. मला बी भरून आलं.

सर समजावून सांगायला लागले. इंग्रजी नाव वाचलं अन् मग म्हणले, साध्या भाषेत सांगतो. "ह्या तलावात कित्येक वर्षं शिसं आणि कॅडमियम उतरतंय. असे जड धातू माशाच्या अंगातून बाहेर पडत नाहीत, साठत जातात. मासा खातो, पण खाल्लेल्या अन्नाची ताकद वाढीला मिळत नाही. ती त्या विषाशी झगडण्यात खर्च होते. काळजात, म्हणजे यकृतात, साठवलेली साखर संपते, मग अंगातलं मांस झिजायला लागतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बीज खराब आहे." मग पौर्णिमाकडं हात करून कौतुकानं म्हणले, "आणि हे हिच्या पहिल्याच वर्षीच्या तपासणीत लक्षात आलं होतं. पुढची चार वर्षं चिकाटीनं हिनं ते पक्कं केलं. असे मासे लहान मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या पोटात गेले तर काय होतं, ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुम्ही ते कधीच थांबवलं असणार."

त्या माणसाला वाटलं आमाला ठाऊक हाय. त्याचा काय दोष?

अर्ध्या मांडवाला काही कळलंच न्हाई, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पौर्णिमाकडं बघितलं. ती पायाच्या अंगठ्याकडं बघत बसली व्हती. लहानपणी ताटातलं न विचारता चोरून खायची तवा अशीच बसायची. मी शाल काढून खुर्चीवर ठेवली, खाली उतरले, वनिताच्या मांडीवरून पवनला उचललं अन् घरी चालायला लागले. मागून कुणीतरी म्हणलं, जेवण हाय, थांबा की. जेवण.

पौर्णिमा माझ्या मागंच आली. सौरभ, वनिता बी आले. मी तिला बसायला सांगितलं न्हाई.

"पहिल्याच वर्षी कळलं?" मी विचारलं.

"व्हय."

"म्हंजे वर्षावास धरलास त्याच साली."

तिनं नजर वळवून पवनकडं बघितलं. मी म्हणलं, "तो वर्षावास नव्हताच ना? तुला मासा नको व्हता म्हणून तू धम्माचं नाव सांगितलंस. अन् मी गावभर सांगत फिरले. बटाटे आणून ठेवायचे मी तुझ्यासाठी, बाई. तू माझ्या घरात बसून स्वतःचं ताट तेवढं वाचवलंस."

"मावशी, तसं न्हाई गं. मी सांगणारच व्हते. पण कॉलेज गहिनीनाथरावांचं, तिथं भट्टीचं नाव काढलं असतं तर माझं सगळं तिथल्या तिथं बंद झालं असतं. तू एवढं राबून शिकवलंस, ते पाण्यात गेलं असतं. म्हणलं एकदा डॉक्टर झाले की माझ्या शब्दाला किंमत येईल, मग बोलू."

"अन् वनिताला दिवस गेले तवा?"

"मी म्हणले व्हते ना, देऊ नको, गरम पडतो म्हणून. लेकराला बी नको म्हणले व्हते."

तवा माझा तोल सुटला. हाताशी पितळी व्हती ती मी भिंतीवर फेकली. म्हणलं, "अगं सटवे, मला गरम-थंड सांगितलंस म्हणून तर मी ऐकलं न्हाई. तूच मला शिकवलंस की असलं ऐकायचं नसतं. एकदा, फक्त एकदा म्हणली असतीस की मावशी, ह्यात शिसं हाय, तर मी पाटी तलावात बुडवून आले असते. खोटं बोलून वाचवायला गेलीस. दर रविवारी विहारात हात जोडून चौथं शील म्हणतीस, खोटं बोलणार न्हाई, अन् घरात येऊन माझ्या तोंडावर तीन-तीनदा खोटं बोललीस."

ती रडायला लागली. सौरभ कपाळाला हात लावून उंबऱ्यात बसलेला. तो दोन्हीकडून मेलेला, एकीकडं लेकरू अन् एकीकडं बहीण. वनितानं पवनला माझ्यापासनं घेतलं. ती पवनच्या पाठीवरून हात फिरवत म्हणली, "ताई, मी जेवताना तुमी माझ्या ताटाकडं बघत बसायच्या. मला वाटायचं तुमाला मासा खावा वाटतोय, पण व्रत हाय म्हणून मन मारायल्यात. मला वाईट वाटायचं तुमचं." मग ती आत गेली अन् दार लोटून घेतलं.

एवढं मात्र खरं की दुसऱ्या दिवशी पौर्णिमाच आमाला बीडला घेऊन गेली. पवनचं रक्त तपासायला पुण्याला पाठवलं. निकाल आला तवा डॉक्टरबाईंनी आमाला आत बोलावलं. रक्तात शिसं हाय, जास्त हाय, असं सरळच सांगितलं. तलावाचा मासा अन् तलावाचं पाणी आजपासून बंद, आईचं बी बंद. औषध देऊ, पुन्हा पुन्हा रक्त तपासू, शिसं हळूहळू उतरंल.

मी विचारलं, "चालंल का लेकरू?"

"चालेल," त्या म्हणल्या. "उशिरा, पण चालेल."

"अन् डोकं?"

त्यांनी निकालाचा कागद घडी घालून माझ्या हातात दिला. मग म्हणल्या, "ते शाळेत जाईल तेव्हा कळेल, आजी. जे गेलं ते सगळं परत येईलच असं मी सांगू शकत नाही."

दवाखान्याच्या जिन्यात पौर्णिमानं माझे पाय धरले. येणारी जाणारी माणसं बघायली. मी म्हणलं, "ऊठ. रडून पवनच्या अंगातलं शिसं उतरायचं न्हाई. मला एकच गोष्ट पाहिजे. सोसायटीतले लोक माझं ऐकंनात."

ते खरं व्हतं. सौरभनं आपला चप्पू काठावर ओढून ठेवला व्हता, पण सोसायटीचा चेअरमन धुळाजी मला म्हणला, "वैनी, ते पुण्याचे सर काय बोलले ते अर्ध्या लोकांना कळलं न्हाई. तुमी नातवाच्या दुखण्यानं कावलेल्या हायेत. पौर्णिमा शिकलेली हाय, तिनं बाजारात येऊन सगळ्यांसमोर सांगू दे, मग मीच जाळी वाळत घालतो. ऐकीव गोष्टीवर आमी चुली कशा विझवाव्या?" दगड माणूस, पण बोलला त्यात खोट नव्हती.

मी पौर्णिमाला म्हणलं, "येत्या बाजारी नेकनूरला ये. माझ्या जागेवर माझ्याजवळ उभी राहा अन् लोकांना सांग. एवढं केलंस तर मी मागचं काढणार न्हाई."

ती डोळे पुसत म्हणली, "कॉलेजात कायमच्या जागेची मुलाखत हाय माझी, पुढच्या आठवड्यात. गहिनीनाथराव स्वतः असतात." मी जिना उतरायला लागले. तिनं मान खाली घातली. मग माझा हात धरून म्हणली, "येते मावशी. पवनच्या गळ्याशप्पथ येते."

अन् मी येडीनं धरलं ते खरं. पुन्हा धरलं. ज्या पोरीचं नाक मी माझ्या पदरानं पुसलं, ती त्या लेकराच्या गळ्याची शप्पथ मोडंल असं मनात तरी कसं यावं?

बाजाराच्या दिवशी मी रिकामी पाटी घेऊन नेकनूरला गेले. माझी जागा ठरलेली, लिंबाखाली. पलीकडं धुळाजी मासे मांडून बसलेला, त्याच्या पाटीत मरळी वळवळायल्या. बीडहून येणारी प्रत्येक गाडी मी बघायले. एक आली, माणसं उतरली. दुसरी आली. ऊन वर चढलं. गिऱ्हाईक यायचं, रिकामी पाटी बघून विचारायचं, आज मासा न्हाई का? मी सांगायचे, "घेऊ नका. तलावात शिसं उतरलंय, माझा नातू त्यानंच आजारी हाय." माणसं ऐकायची, च्च च्च करायची, अन् दोन पावलांवर धुळाजीपाशी जाऊन घासाघीस करायची.

मग छबुबाई आली. नेकनूरच्याच पुढं वाडीवर तिची शेती, माझं जुनं गिऱ्हाईक. तिच्या सुनेच्या दोन्ही बाळंतपणात मरळ माझ्याच पाटीतनं गेलती. म्हणली, "मुक्ताबाई, लेक बाळंत झालीया, पोरगी झाली. दोन चांगल्या मरळी दे."

मी तिला बसवलं अन् सगळं सांगितलं. पहिल्यापासून, पवनपर्यंत. छबुबाई शहाणी बाई, तिनं ऐकून घेतलं. म्हणली, "तू खोटं बोलणारी न्हाईस. पण धुळाजी विकायलाय, समदा बाजार घेयलाय. हे कोण म्हणतं?"

"माझी पौर्णिमा म्हणती. तिनंच शोधून काढलं."

"मग ती कुठाय?"

"येती म्हणली व्हती."

"फोन लाव की. तिच्या तोंडून एक शब्द ऐकू दे, मी आल्या पावली माघारी जाते."

मी फोन लावला अन् आवाज मोठा केला. धुळाजी बी उठून जवळ आला, आजूबाजूच्या चार बाया वळल्या. पौर्णिमानं उचलला. मी म्हणलं, "कुठं हाईस गं? वाट बघून डोळे दुखायले."

"मावशी, नंतर करते. आत बसलेय मी." मागं माणसांचे आवाज येत व्हते, मुलाखतीलाच गेली असणार.

छबुबाईनं फोन माझ्या हातातून घेतला. म्हणली, "बाई, मी छबुबाई, नेकनूरची. तू डॉक्टर झालीस म्हणं, चांगलं झालं. माझी लेक आठ दिवसांची बाळंतीण हाय. तुझी मावशी म्हणती तलावाची मरळ देऊ नको, इख हाय. तू सांगशील तसं करते. देऊ का नको?"

पलीकडं कुणीतरी काहीतरी विचारलं. पौर्णिमा त्याला म्हणली, "घरचाच फोन आहे सर, एक मिनिट." मग आवाज बारीक करून, पण नीट ऐकू येईल असं बोलली, "काकू, पवन आजारी पडल्यापासनं मावशीच्या मनावर लई परिणाम झालाय. ती सध्या काय बी बोलती. तुमी मनावर घेऊ नका. तिला जरा घरी पाठवा."

अन् फोन ठेवला.

धुळाजीनं माझ्याकडं बघितलं अन् नजर दुसरीकडं वळवली. छबुबाईनं फोन माझ्या पाटीत ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् मायेनं म्हणली, "नातवाचं होईल नीट. तू घरी जाऊन जरा पड, मुक्ताबाई." मला शिव्या देता येत न्हाईत असं कुणी म्हणणार न्हाई, पण त्या घडीला एक शिवी तोंडात आली न्हाई. पहिल्यांदा तिनं भिऊन तोंड शिवून घेतलं व्हतं, ते मी कसंबसं गिळलं असतं. ह्या खेपेला ती बोलली, अन् मला येडी ठरवून मोकळी झाली. माझ्या शब्दाला ह्या बाजारात जी काही किंमत व्हती ती तिनं एका फोनात घालवली.

छबुबाई धुळाजीपाशी गेली. दोन मरळी निवडल्या, वजन झालं, पिशवीत घातल्या. मी उठले अन् पिशवीला हात घातला. ती म्हणली, "सोड, अगं सोड, लोक बघायलेत." धुळाजीनं माझं मनगट धरलं, म्हणला, "वैनी, बाजार उठवू नका." मी सोडली न्हाई तर त्यानं माझी बोटं एक एक करून सोडवली. छबुबाई पिशवी छातीशी धरून एसटीकडं निघाली.

मी पाटी तिथंच टाकली अन् तिच्या मागं गाडीत चढले. कंडक्टर म्हणला, कुठं? मी म्हणलं, "ही बाई उतरंल तिथं. हिच्या लेकीला भेटायचंय मला." त्यानं छबुबाईकडं बघितलं, तिनं मान हलवून खूण केली की बाईचं डोकं ठिकाणावर न्हाई. गाडी निघाली अन् मी उभ्याउभ्याच बोलायला लागले, शिसं, मासा, पवन, समदं. माणसं माना वळवून बघायली, एक म्हातारा म्हणला बसा बाई, पडाल. छबुबाई खिडकीकडं तोंड करून बसली, अन् मरळीची पिशवी तिनं मांडीवर दोन्ही हातांनी गच्च धरली व्हती.